सशाची नखं

"आज शनिवार. घरात नखं कापायची नाहीत," म्हणत सासूबाईंनी नेलकटर उचलून फळीवर ठेवला.

वृषालीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला ससा होता. चालताना तो सारखा कलंडायचा. "नखं वाढल्यानं पंजा वाकडा पडतोय," डॉक्टर म्हणाले होते. "लवकर कापा, नाहीतर कायमचा अधू होईल. आतली गुलाबी शीर तेवढी सांभाळा."

पण तिला सुट्टी शनिवारीच. एरवी कारखान्यातून येईपर्यंत दिवेलागण झालेली असे आणि त्यानंतर नखं कापणंही सासूबाईंना चालत नसे. भांडायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी ती पाय ओढत घरात शिरली, तर ससा न कलंडता उड्या मारत समोर आला. तिनं पंजे पाहिले. सगळी नखं नीट कापलेली होती.

"अठरा आहेत मेल्याला!" सासूबाई म्हणाल्या. "रोज दुपारी जेमतेम चार कापू देतो. शीर दिसायला बॅटरी धरावी लागते."

वृषाली तिथंच खाली बसली. "मला सांगायचंत तरी, आई."

"तू तरी दमल्याचं कधी सांगतेस?" म्हणत सासूबाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स उतरवली.