जाळ्याचं माप

पुतण्याने मासळीचं घमेलं काकूंसमोर ठेवलं आणि सुताराकडून मागून आणलेला रंधा काकांसमोर.

“पट्टी दोनच सुतं उतरवा, पाव इंच,” तो म्हणाला. “जास्त नको.”

काकांनी खिळ्याला टांगलेली लाकडी पट्टी काढली. चार बोटं रुंद, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. बोटीचं बाकीचं जाळं कारखान्यातून यायचं. पण मागची पिशवी, जिथे मासळी शेवटी जाऊन अडकते, ती या घरात हातानेच विणायची रीत होती. पट्टीभोवती दोरा घ्यायचा, गाठ मारायची, पट्टी पुढे सरकवायची. पट्टी जेवढी रुंद, तेवढं जाळ्याचं भोक मोठं.

पट्टीचं माप मात्र पुरुषांनी ठरवायचं नाही, घरातल्या बाईने ठरवायचं. हंगामात तिने घमेलंभर मासळी चिरायची, जिच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, निघेल अशी सगळ्यात लहान मासळी बाजूला काढायची. ती भोकातून सहज सुटली पाहिजे, एवढी पट्टी. म्हणजे एकदा तरी अंडी घातल्याशिवाय कुणी या घराच्या पाटीत यायचं नाही. काकूंच्या सासूबाईंचा हा नियम होता, आणि सासूबाईंपुढे सासऱ्यांचीही टाप नव्हती.

“ही कुणाची रे?” काकूंनी घमेल्यात बोट फिरवत विचारलं.

“शेजारच्या बोटीची. त्यांच्या पाट्या भरून आल्या, आणि आम्ही पाचव्यांदा हात हलवत. तुमच्या पिशवीतून हे सगळं सुटतं, काका.”

“सुटतं ते पुढच्या वर्षी मोठं होऊन येतं.”

“पुढच्या वर्षापर्यंत त्याला ठेवतंय कोण? बंदरात बेचाळीस बोटी आहेत. सगळ्यांना सरकारचं तेच इंजिन.”

इंजिनाची निम्मी किंमत सरकारने भरली होती, डिझेलही सवलतीत मिळत होतं. अट एकच, वर्षाचे दोनशे दिवस बोट समुद्रात पाहिजे. पूर्वी मासळी रोडावली की बोटी किनाऱ्याला लागायच्या आणि माणसं जाळी शिवत, एकमेकांच्या खोड्या काढत बसायची. आता मासळी असो नसो, निघायचं. दिवस भरले नाहीत तर सवलत गेली, सवलत गेली की बोट उभी, आणि बोट उभी राहिली की चार खलाशांच्या चुली थंड. इंजिन आलं त्या दिवशी काकांनीच त्याच्यावर थाप मारून “घोडा आहे घोडा!” म्हटलं होतं. ते आठवून त्यांना आता स्वतःचाच राग आला.

दारात मत्स्यखात्याचे साहेब उभे राहिले. बोटीचे फोटो काढून झाले होते, पुतण्याची सही राहिली होती.

“साहेब,” काकांनी पट्टी वर धरली, “पिशवीचं भोक केवढं असावं, याचा काही नियम?”

“असेल ना, नक्की असेल,” साहेब म्हणाले. “पण माझ्या फॉर्मात इंजिनाचा नंबर, बोटीचा नंबर आणि समुद्रातले दिवस. जाळ्याचा रकानाच नाही.” म्हाताऱ्याचा चेहरा उतरलेला बघून त्यांना वाईट वाटलं असावं. “जाळ्याची योजना वेगळी आहे, आजोबा. अर्ज करून टाका. त्यातही निम्मी सवलत आहे.”

सही घेऊन, पाणी पिऊन ते गेले. माणूस भला होता.

काकूंनी सुरी ओढून घेतली. पहिली मासळी चिरली, पोटावरून अंगठा फिरवला, बाजूला टाकली. दुसरी. तिसरी. दिवस गाबोळीचेच होते. काका पट्टी मांडीवर ठेवून बघत राहिले. पुतण्याही उकिडवा बसला. घाई त्यालाच होती, पण काकूंच्या हाताखालून काही तरी निघेल अशी आशाही त्यालाच होती.

घमेल्याचा तळ दिसायला लागला तसा काकूंचा हात मंदावला. शेवटच्या मासळीला त्यांनी सुरी लावलीच नाही.

“यात आई एकही नाही रे,” त्या म्हणाल्या. “सगळी लेकरंच आहेत.”

बाहेर कुणाचं तरी इंजिन सुरू झालं.

“मग मी माप कुणाचं धरू?” काकांनी विचारलं.

पुतण्याने मान खाली घातली. “इंजिनाचं धरा.”

काकूंनी चिरलेली मासळी परत घमेल्यात भरली, हात धुतले आणि त्या आत निघून गेल्या. एरवी पुतण्या आला की त्या चहा टाकायच्या. आज आतून भांड्याचा आवाज आला नाही.

काकांनी पट्टी पाटाला टेकवली, रंधा धरला. लाकूड जुनं होतं, पण कीड नव्हती. पातळ, लांब सालं निघत गेली. दोन सुतं उतरली तेव्हा त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, कुसळ कुठे राहिलं नाही ना बघितलं, आणि दोरा घेऊन पट्टीवर पहिलं भोक विणलं. मग न चिरलेली ती शेवटची मासळी उचलून भोकात घातली. डोकं आत गेलं, अंग अडकलं.

पुतण्याने सुटकेचा श्वास सोडला. पट्टी हातात घेऊन त्याने ती उजेडात धरली, रुंदी बघितली, आणि जरा चाचरत विचारलं, “पुढे अजून उतरवायची वेळ आली, तर पुरेल ना?”

“पुरेल,” काका गाठ ओढत म्हणाले. “लाकूड पुरेल.”