पलीकडचा काठ

"काका, समुद्राला पलीकडचा काठ नसतो," साई म्हणाला आणि मटकन स्टुलावर बसला.

नागोरावांच्या हातातला काजळाचा बोळा तसाच राहिला. पाच मिनिटांपूर्वी बिबवेवाडीतल्या त्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नुसती धमाल चालली होती. तळहाताएवढ्या हस्तिदंतावर त्यांनी काजळ चोळलं, फडक्याने पुसलं, आणि दोन आठवडे दाभणाने कोरलेल्या रेघा एकदम काळ्याभोर उठल्या. तीन डोलकाठ्यांचं गलबत! शिडांची शिवण, दोरखंडांचा पीळ, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. दुकानाचे मालक हिंदुराव स्वतःच्या लग्नातसुद्धा हसले नसतील, तेही "बरं जमलंय" म्हणून गेले. पुण्यात याहून मोठं बक्षीस देत नाहीत.

नागोराव मूळचे वाशीमकडचे. पंचवीस वर्षं याच पायरीवर बसून ते भांड्यांवर नावं घालत होते. कुणाच्या मामाकडून, कुणाच्या आत्याकडून, किती पातेली त्यांच्या हाताखालून गेली त्याला गणतीच नाही. पण आता लग्नात लोक पाकीट देऊन मोकळे होतात. हिंदुरावांनी तर दसऱ्यापासून पायरी रिकामी करा म्हणून सांगितलं होतं, तिथे मोबाइलच्या कार्डांचं टेबल येणार होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू साई हे काम घेऊन आला. साई सॉफ्टवेअरवाला. त्याची कंपनी अमेरिकेतल्या ज्या मार्थाबाईंचं काम बघायची, त्यांचं अशा कोरीव हस्तिदंताचंच दुकान होतं. आणि हस्तिदंत तरी कसला, हजारो वर्षं बर्फात गाडलेल्या केसाळ हत्तीचा! तसा कागद सोबत होता. पोलीस विचारतील या धास्तीने नागोरावांच्या द्वारकाबाईंनी तो देवघरात ठेवला होता. काम आवडलं तर आणखी बारा तुकडे येणार होते, म्हणजे घरबसल्या वर्षभर काम. नाही आवडलं तर दसऱ्याला गाशा गुंडाळायचा.

बाईंनी गलबताचा एक जुना फोटो पाठवला होता. त्याचा खालचा भाग फाटलेला. 'खाली समुद्र घाला,' एवढंच लिहिलं होतं, आणि घोळ झाला तो इथेच. डोळ्यांनी बघितल्याशिवाय हत्यार टेकवायचं नाही, हा नागोरावांचा नेम. साधं नाव घालायचं तरी ते गिऱ्हाइकाकडून आधी कागदावर लिहून घेत. समुद्र काही त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मग काय, द्वारकाबाईंना घेऊन त्यांनी सरळ खडकवासल्याची बस धरली. दिवसभर धरणाचं पाणी डोळ्यांत साठवलं. बारीक बारीक लाटा, पलीकडचा काठ, काठामागे डोंगर. सगळं तसंच्या तसं हस्तिदंतावर उतरलं. भाकरीचं फडकं सोडून "अहो, या आता" म्हणत उभ्या राहिलेल्या द्वारकाबाईसुद्धा उतरल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. फक्त त्यांना पलीकडच्या काठावर नेऊन उभं केलं होतं.

"आणि ही बाई कोण?" साईने कपाळाला हात लावला.

"काठावर कोणी नसंल तर गलबतानं यावं कोणासाठी?" नागोराव म्हणाले.

साईने खरवडून काढता येईल का विचारलं. नागोराव नाही म्हणाले, तुकडा पातळ, तडकला तर गलबतही जायचं. दुसरा तुकडा नव्हता, आणि साईचे साहेब त्याच दिवशी अमेरिकेला निघाले होते, तुकडा त्यांच्याबरोबरच जायचा होता. शेवटी डबा घेऊन आलेल्या द्वारकाबाईंनीच तो तुकडा कापसात गुंडाळून साईच्या हातावर ठेवला. जे बघितलं तेच काढलंय, खोटं तर काही काढलं नाही, असं त्या म्हणाल्या. साई तोंड पाडून गेला.

नऊ दिवस काही कळलं नाही. नागोरावांना अन्न गोड लागेना. दहाव्या दिवशी द्वारकाबाईंना मदतीला घेऊन त्यांनी आपली हत्यारं पिशवीत भरायला घेतली. हिंदुरावांनी नव्या टेबलासाठी पायरीचं मापही घेऊन ठेवलं होतं.

तेवढ्यात जिन्यावरून धडधडत साई आला. पायात एकच चप्पल, हातात ई-मेलचा कागद. बारा तुकडे निघालेत, हे त्याने खाली पोचायच्या आतच ओरडून सांगितलं. द्वारकाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. नागोरावांनी मात्र बाईंनी काय लिहिलंय ते नीट वाचून दाखवायला सांगितलं.

साई एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. गलबत मार्थाबाईंच्या वडिलांचं होतं. बाई सहा वर्षांच्या असताना ते वडिलांना घेऊन समुद्रात गेलं आणि परत आलंच नाही. आजवर पाच कारागिरांकडून त्यांनी ते कोरून घेतलं, आणि पाचही जणांनी ते भर समुद्रात सोडलं.

शेवटच्या ओळीशी साई आला. त्याने एकदा द्वारकाबाईंकडे बघितलं आणि मग वाचलं.

"काठावर माझी आई रोज उभी राहायची, हे त्यांना कुणी सांगितलं?"