बोटांखालचं पुस्तक

अंधांच्या वाचनालयात बंदी घातलेलं पुस्तक शोधत फौजदार शिरले, तेव्हा ग्रंथपालबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. तेच पुस्तक समोरच्या टेबलावर एक आजोबा बोटांनी वाचत होते. फौजदारांनी कपाटं उपसली, छापील पुस्तकं चाळली आणि शेवटी आजोबांपाशी येऊन थांबले. “काय वाचताय? मोठ्याने वाचा.” आजोबांचं बोट ठिपक्यांवरून सरकलं. “गुलाबाची छाटणी थंडीत करावी. मुळाशी पाणी साचू देऊ नये...” फौजदारांना जांभई आली, आणि ते निघून गेले. बाई मटकन खुर्चीत बसल्या. “आजोबा, माझा तर जीवच गेला होता! एवढं काय आहे हो त्यात?” “म्हणजे, तुम्ही वाचलंच नाही?” “मला कुठे ब्रेल येते? छापील प्रती तर सरकारने सगळ्या जाळल्या.” आजोबा हसले आणि पानं उलटत पहिल्या पानावर आले. बाईंनी दार लावून खुर्ची जवळ ओढली.