शेजार नसलेलं कॉटेज

कॉटेजचे फोटो दाखवताना नाईजेल भलताच खुशीत होता. “नॉर्थम्बरलंडच्या माळावर आहे, बाईसाहेब. आठवडाभर आपण दोघंच. फोनला रेंज नाही, आसपास एक घर नाही. घसा फोडून ओरडलीस तरी मेंढ्यांशिवाय कुणी ऐकायचं नाही!”

“मला नाही यायचं,” लिनेट म्हणाली.

“तुला विचारलंय कुणी? बुकिंग झालंय. मुकाट्यानं बॅग भर.”

लिनेटनं बॅग भरली. तो गाडी काढायला गेला, तशी ती मागच्या दारानं निघाली आणि तिनं शेजारचं दार वाजवलं. नाईजेलचा हात उठला की इतकी वर्षं मधली भिंत बडवत आलेल्या मिसेस टॅटरसॉलनी दार उघडलं. तिच्या बॅगेकडे बघून त्या म्हणाल्या, “ये आत. किती गं वाट बघायला लावलीस!”