हृदय ठणठणीत आहे

"ॲसिडिटी म्हणू नका डॉक्टर. तेवढं सोडून काहीही म्हणा."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली. समोर आई बसली होती, बरगडीवर हात दाबून, आणि शेजारी तिचा चाळिशीचा मुलगा, फाईल कवटाळून. दुखत होतं आईचं, पण तोंड उतरलं होतं त्याचं.

त्याला कारणही तसंच होतं. आठ वर्षांपूर्वी जेवता जेवता वडील म्हणाले, छातीत जळजळतंय. यानेच पाण्यात पित्ताची पूड ढवळून दिली, वर "तळलेलं कमी खा" असं शहाणपणही शिकवलं. तासाभरात वडील कोसळले आणि हा खांबासारखा उभा राहिला. काय करायचं असतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्यासाठी त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही.

"ईसीजी चांगला, इको चांगला," डॉक्टर म्हणाल्या. "छातीत दुखलं की जो तो हृदयालाच धरतो. छातीत काय एकटं हृदय राहतं? अन्ननलिका आहे, फुफ्फुसं आहेत, स्नायू आहेत. नागीण उठायच्या आधीही दुखतं. नुसत्या काळजीनेसुद्धा धडधाकट माणसाला कळा येतात." मग त्यांनी आवाज चढवला. "आजी, खोकताना दुखतं का?"

कानामागे हात धरून ऐकत आई म्हणाली, "खोकताना, शिंकताना, कूस बदलताना."

"कधीपासून?"

आई मुलाकडे बघू लागली.

"त्या दिवसापासून," तोच म्हणाला.

तो दिवस त्याने आतापर्यंत शंभरदा सांगितला असेल, तरी सांगताना अंगावर काटा यायचाच. वडील गेल्यावर कारखान्यातल्या प्रथमोपचाराच्या वर्गाला त्याने सगळ्यांत आधी नाव दिलं. मग दरवर्षी तो वर्ग कधी चुकवला नाही. रबरी पुतळ्याची छाती तो इतका जीव तोडून दाबायचा की सोबती म्हणायचे, पुरे कर, पुतळा उठून हात जोडेल आता.

आणि महिन्यापूर्वी एका दुपारी तो लवकर घरी आला, तर आई पलंगावर निपचित. तीन हाका मारल्या, उत्तर नाही. नाडी बघायला गेला, तर त्याचीच बोटं थरथरत होती, काही लागेना. एकदा नुसतं उभं राहण्याची शिक्षा त्याने आठ वर्षं भोगली होती. या खेपेला तो थांबला नाही. पाचव्या दाबाला आई किंचाळून उठली. त्या किंकाळीइतकं गोड त्याने जन्मात काही ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात यायला तेव्हा तिने साफ नकार दिला. पण कारखान्याने त्याचा फोटो फलकावर लावला. शेजारीपाजारी पोरांना घेऊन त्याला बघायला आले. आणि आठ वर्षांनी त्याला धड झोप लागायला लागली.

अर्ध्या तासाने एक्स-रे आला. दोन बरगड्यांना तडे गेले होते.

"हे घ्या तुमचं कारण," डॉक्टर म्हणाल्या. "छाती दाबताना होतं असं. भरून येतील, पण वेळ लागेल."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "महिनाभर एवढं सोसत राहिलीस आई, आधीच बोलायचं नाही का?"

"बरं चाललं होतं रे तुझं," आई म्हणाली. "आणि जिवापुढे बरगड्यांचं काय कौतुक!"

तो औषधं आणायला म्हणून उठला. जिन्यापर्यंत गेला आणि लक्षात आलं, चिठ्ठी टेबलावरच राहिली. स्वतःशीच चुकचुकत तो परत फिरला.

पडद्याआड डॉक्टर मोठ्याने बोलत होत्या. "आजी, तुमचं हृदय कधी बंद पडलं होतं असं मला कुठेच दिसत नाही. त्या दुपारी नेमकं झालं काय होतं?"

पडद्याला लागलेला त्याचा हात तिथेच थांबला.

"त्याला यातलं काही कळता कामा नये, डॉक्टर," आई म्हणाली. "मी नुसती झोपले होते."