न दिसणारा सांधा

“जळू शकते का हो ही?” बाईंनी विचारलं.

त्यांच्या हातात तळहाताएवढा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात जुन्या आठ मिलिमीटरच्या फितीचं एक रीळ.

“माझ्याकडे? छे!” कवळीवाले हसले. “आजवर एकही फीत खराब झालेली नाही माझ्या हातून.”

बाईंचा चेहरा पडला. बिचारीला काळजी वाटतेय, असं कवळीवाल्यांना वाटलं.

जन्मभर दातांच्या कवळ्या बनवल्या म्हणून सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. हातातलं काम सुटल्यावर त्यांना या फितींचा नाद लागला. कुणी घर रिकामं करतंय असं कानावर आलं की हे तिथे हजर. अनोळखी माणसांचे वाढदिवस, सहली, कुणाच्या तरी बाळाचं पहिलं पाऊल, असं सगळं मागच्या खोलीतल्या कपाटात खच्चून भरलं होतं. समोरच्या भिंतीवर पांढरा पडदा आणि टेबलावर प्रोजेक्टर. लोकही आपापल्या फिती त्यांच्याकडे बघायला आणत.

“आमच्या ह्यांनी काढली होती. मुलाच्या सातव्या वाढदिवसाची,” बाई म्हणाल्या. सत्तरीच्या असतील, पण ताठ बसल्या होत्या. “परवा मुलाला माळ्यावर सापडली. आजीला बघायचंय म्हणून हटून बसलाय. फार लळा होता त्याला आजीचा.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “हिची दुसरी प्रत नाही. आहे ती एवढीच.”

“डोळ्यांत तेल घालून सांभाळतो.”

“तुमचं मशीन बरंच जुनं असेल, नाही?”

“जवळजवळ माझ्याच वयाचं!”

बाई पहिल्यांदा हसल्या. डबा टेबलावर ठेवून त्या निघाल्या. फीत कधी मिळेल हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही.

त्याच दुपारी कवळीवाल्यांनी पडदे ओढले आणि फीत लावली. अंगण दिसलं, फुगे दिसले. टोपी घातलेला एक मुलगा बोळकं तोंड उघडून हसला. त्याच्या मागून कुणीतरी पुढे येत होतं, तेवढ्यात चित्र जागच्या जागी थिजलं. मुलाच्या टोपीवर तपकिरी फोड आला, फुगला आणि फुटला. खोलीत जळका वास पसरला. कवळीवाल्यांनी घाबरून फीत ओढली. ती वाळक्या पानासारखी तुटत गेली आणि उरलेलीचा यंत्रातच चुरा झाला.

दारात बायको उभी होती. “हीसुद्धा?” ती म्हणाली.

त्या एका शब्दाने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत ही पाचवी फीत. आधीच्या चौघांना त्यांनी बिनदिक्कत सांगितलं होतं, ‘फीतच म्हातारी झाली होती हो.’ खरं म्हणजे म्हातारे त्यांचे हात झाले होते.

“फोन करा आणि सांगून टाका,” बायको म्हणाली.

“कोणत्या तोंडाने सांगू? एकही खराब झाली नाही म्हणालोय मी.”

“त्याच तोंडाने.”

त्यांनी फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंचाच आला.

“झाली का हो बघून? काही बिघडलं वगैरे नाही ना?”

“अजिबात नाही,” त्यांच्या तोंडून निघून गेलं. “रविवारी मुलाला घेऊन या.”

नुसतं “बरं” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

कवळीवाल्यांनी कपाट उपसलं. सुरुवातीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा शाबूत होता. तसंच अंगण, त्याच काळचे कपडे, चेहरे लांबून दिसणारे, असं त्यांनी अनोळखी माणसांच्या फितींतून शोधून काढलं. एका समारंभात एक म्हातारी टेबलाशी बसून खळखळून हसत होती. ती त्यांनी घेतली. खऱ्या दाताशेजारी खोटा दात कसा बसवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सांधा इतका बेमालूम झाला की कधी नव्हे ती त्यांना आपल्या कसबाची किळस आली.

रविवारी मायलेक आले. टोपीतला मुलगा पडद्यावर हसला, तसा खुर्चीतला पन्नाशीचा मुलगाही हसला. मग म्हातारी आली.

“आजी! आई, आजी बघ!” तो खुर्चीतून पुढे झुकला. “किती हसतेय!”

कवळीवाल्यांची नजर बाईंवर गेली. आता बाई उठतील आणि सगळं बिंग फुटेल.

“हो,” बाई म्हणाल्या. “आजीच.”

मुलाने डोळे पुसले, कवळीवाल्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानून तो गाडी काढायला गेला. त्या आभारांनी त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आता गप्प बसणं त्यांच्याच्याने होईना.

“बाई, ती तुमच्या घरातली नव्हती. कोण होती ते मलाही ठाऊक नाही. तुमची फीत माझ्या हातून जळली. मी खोटं बोललो.”

“कळलं मला. सासूबाई माझ्या घरात अशा कधी हसल्याच नाहीत.” बाई कोऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या. “त्या दिवशी त्यांनी केकला हात लावला, तर चारचौघांत मी त्यांच्या हातावर फटका मारला होता. ह्यांनी तेही टिपलं. त्या नुसत्या हाताकडे बघत राहिल्या, तेही. मुलगा मित्रांत होता. त्याला आजतागायत माहीत नाही.”

कवळीवाल्यांनी प्रोजेक्टर बंद केला. “मग मला आधीच सांगायचंत. मी दाखवलीच नसती.”

“अशी गोष्ट सांगता येते कुणाला?” बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाई उठल्या. “चौकातल्या फोटोवाल्याकडे चौकशी केली होती मी. तो म्हणाला, कुणाकडेही द्या, पण त्या कवळीवाल्यांकडे देऊ नका, त्यांच्याकडून एक फीत धड परत येत नाही. मी तिथल्या तिथे तुमचा पत्ता लिहून घेतला.”