तव्यावरची भाकरी

संयोगिताच्या भाकऱ्यांना इस्लामपुरात एवढी मागणी आली, की तिची शेगडी दिवसभर विझेनाशी झाली. घरात फ्रिज आला, दारात गाडी आली. पण ती स्वतः मात्र उरलंसुरलं गार उभ्यानंच खायची. त्या दुपारी खानावळीचा मालक संध्याकाळच्याही भाकऱ्या ठरवायला आला. ती हो म्हणणार, एवढ्यात कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या नवऱ्यानं तिच्यापुढची परात ओढून घेतली. “मालक, जरा थांबा. ही जेवली न्हाई अजून.” त्यानं थापलेली भाकरी एकीकडं जाड, दुसरीकडं करपलेली निघाली. तव्यावरनं थेट तिच्या ताटात त्यानं ती वाढली. “आवं, तुमाला भाकरी कवापासनं येतीया?” “तुझं बघून शिकलो.” पहिल्याच घासाला तिची जीभ पोळली, तशी ती हसली. गरम भाकरी कधी खाल्ली होती, आठवेना. मग मालकाला म्हणाली, “सकाळच्या देते. संध्याकाळी आमी दोघं जेवतो.”